स्वयंपाकघरातली भक्ती : लक्ष्मीबाई टिळक



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी थोर स्त्रियांची चरित्रे लिहायची असे ठरले, तेव्हा जिजाऊसाहेब, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ही नावे भराभर वाटली गेली. मी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव सांगितले. त्यावर दोघीतिघींनी विचारले की त्या लोकमान्यांच्या घरातल्या का? तसे नव्हे. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई. लक्ष्मीबाई या कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी. 'केवढे हे क्रौर्य' ही टिळकांची कविता आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वाचली असेल. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तर त्यांची भजने आजही गायिली जातात.

हे नाव मी दोन कारणांनी घेतले. एक म्हणजे लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठ्या विदुषींवर लिहायला माझी लेखणी धजावत नाही, पण चूल सांभाळून शहाणी झालेल्या बाईबद्दल लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे वाटते.

दुसरे कारण आपल्या मंडळातलेच आहे. माझे माहेर नगर जिल्ह्यातले, आणि लग्नानंतर मी अंधेरीला आले. येथे मरोळ, आंबोली, कोंडिवटे या गावठाणांत जुने ईस्ट इंडियन ख्रिस्ती पुष्कळ आहेत. ते कॅथलिक, पोर्तुगीजांच्या काळापासूनचे. आम्ही नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. ते मिशन १८३१ साली नगरला आले. आमच्या घरात देव्हारा नाही, समई नाही, नैवेद्य नाही. शेजारच्या भगिनी प्रेमाने विचारतात की रविवारची उपासना सोडली तर बाकीचे सहा दिवस तुम्ही देवासाठी करता तरी काय? प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मला दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून लक्ष्मीबाईंचे चरित्र सांगते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिक जिल्ह्यातील जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, आणि नाव मनू. त्या जन्मण्यापूर्वीच घरावर मोठा घाला पडला होता. १८५७ च्या बंडात त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा ध्यास घेतला. सोवळे त्या काळी सगळ्याच ब्राह्मण घरांत होते, पण या घरात ते सीमेबाहेर गेले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. धान्य धुवायचे, आणि मीठसुद्धा धुवायचे! मीठ धुतल्यावर हाती किती उरत असेल, याचा विचार आपण गृहिणींनीच करावा.

हे सारे करणारा मनुष्य दुष्ट नव्हता. आपल्या प्रत्येक कामात देवाला मान मिळावा, त्याला विटाळ होऊ नये, हीच त्याची इच्छा होती. म्हणजे शेजारच्या भगिनी मला जे विचारतात, त्याचे त्यांच्यापुरते उत्तर त्यांना सापडले होते. पण त्या उत्तराचे सारे ओझे घरातल्या बायकांच्या कंबरेवर पडले. पाणी त्यांनी भरायचे, धुवायचे त्यांनी, पुन्हा वाळवायचे त्यांनी, आणि चूक झाली तर शिव्याही त्यांनीच खायच्या. देवाच्या भक्तीत माया आटली आणि भीती तेवढी उरली, की घराचे काय होते, हे लक्ष्मीबाईंनी अगदी लहानपणी पाहिले. पुढे त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय याच सोवळ्यापाशी येऊन ठेपला. म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. मनूची लक्ष्मी झाली. नवरा नारायण वामन टिळक, जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. बुद्धी तीव्र, संस्कृत उत्तम, कविता ओठांवर, आणि संसाराचे भान मुळीच नाही. पैसा हाती आला की वाटेत भेटेल त्या गरजूला देऊन मोकळे. आज या गावी, उद्या त्या गावी. मनात आले की घर सोडून निघून जायचे आणि बायकोने कधी माहेरी, कधी बहिणीकडे दिवस काढायचे. सासरे तापट. पहिली मुले लहानपणीच गेली. १८९१ साली दत्तू झाला आणि तो जगला. पुढे देवदत्त टिळक म्हणून त्यांचे नाव झाले.

पण याच टिळकांनी बायकोला अक्षरओळख करून दिली. त्या काळी बायकोला शिकवणे म्हणजे घरच्यांच्या हसण्याला निमंत्रण. आपल्या मंडळात पुष्कळ जणी तक्रार करतात की लग्नानंतर शिकणे होत नाही. लक्ष्मीबाई लग्नानंतरच शिकल्या, आणि तेही सलग नव्हे, तर नवऱ्याच्या लहरीप्रमाणे, धडा आज तर पुढचा धडा महिन्याने. तेवढ्यावर त्या वाचू लागल्या, लिहू लागल्या, आणि कविताही करू लागल्या.

नंतर टिळक नागपूरला गेले आणि तेथून राजनांदगावला. हे संस्थान आता छत्तीसगड राज्यात आहे. त्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. टिळक वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचे मन बदलले. देशात जातिभेद आहे तोवर देश उठणार नाही, हा विचार त्यांच्या मनात आधीपासूनच होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या वेळी एखादा ब्राह्मण ख्रिस्ती होणे म्हणजे काय, हे आजच्या मुलींना समजणार नाही. तो मनुष्य घरच्यांना मेल्यासारखा होई. मेलेल्याचे सुतक तरी दहा दिवसांनी फिटते. याचे फिटत नसे. लक्ष्मीबाई ना सवाष्ण राहिल्या ना विधवा झाल्या. कपाळाला कुंकू होते, पण ज्याच्या नावाचे ते कुंकू त्याच्या हातचे पाणी चालत नव्हते. पदरात चार वर्षांचा मुलगा. रडून रडून त्यांची प्रकृती ढासळली. बहीण भिकूताई आणि तिचे यजमान पेंडसे यांनी त्यांना आधार दिला, आणि त्या मायलेकरांचा काही काळ पंढरपुरास गेला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८६६ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. हिंदू मनुष्य ख्रिस्ती झाला आणि धर्मांतरामुळे त्याची बायको नांदायला तयार होईना, तर कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेण्याची वाट त्या कायद्याने त्याला मोकळी होती. टिळकांनी त्या वाटेने पाऊल टाकले नाही. त्यांनी दुसरे लग्न केले नाही आणि बायकोवर धर्मासाठी सक्तीही केली नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि थांबले. नवरा ख्रिस्ती होऊन मोठा झाला असे आमच्या समाजात पुष्कळ सांगतात. मला मात्र त्याचे हे थांबणे मोठे वाटते.

आता लक्ष्मीबाईंपुढे दोन वाटा होत्या. नातलगांची वाट अशी, की नवऱ्याचे नाव टाकावे आणि मुलाला घेऊन आपल्या माणसांत धर्माने राहावे. दुसरी वाट अशी, की नवऱ्यामागे जावे, त्याचा धर्म घ्यावा आणि माहेर कायमचे तोडावे. बहुतेक सगळ्यांना वाटे की तिसरी वाट नाही. लक्ष्मीबाईंनी तिसरी वाट काढली. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे नगर भागात गेल्या, पण धर्म आपला ठेवून गेल्या. त्यांची चूल वेगळी, त्यांचे पाणी वेगळे, त्यांचे सोवळे त्यांच्यापाशी. टिळकांनी ती व्यवस्था मान्य केली.

भगिनींनो, हे वाचायला सोपे आहे. एका घरात दोन चुली घालून राहणे काय असते, ते मनात आणून पाहा. नवऱ्याला जेवायला वाढायचे, पण आपल्या पातेल्याला त्याचा हात लागू द्यायचा नाही. मुलगा बापाच्या मांडीवर बसून आला की त्याला जवळ घेताना मनात आधी शंका यायची. शेजारीपाजारी सगळे ख्रिस्ती, त्यांतले कित्येक पूर्वीचे महार-मांग समाजातले. ते प्रेमाने घरात येणार, आणि या घागर सांभाळत कोपऱ्यात उभ्या. ख्रिस्ती लोकांना त्या हिंदू, आणि हिंदूंना त्या बाटग्याच्या घरात राहणाऱ्या. दोन्हीकडून बोलणी. पण ज्यावर आपला विश्वास बसलेला नाही ते नवऱ्यासाठी, पोटासाठी किंवा लोकांसाठी त्यांनी स्वीकारले नाही. खोटे नाव घेऊन देवापुढे उभे राहायचे नाही, एवढे त्यांच्या मनाशी पक्के होते. मला वाटते की देवाला खरा मान त्यांनी तेव्हाच दिला, बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी.

मन मात्र रोज काम करीत होते. रोजची घागर भरताना, रोज चूल सारवताना तोच प्रश्न पुढे येई. ही माणसे माझ्यासारखीच जन्मतात, माझ्यासारखीच मरतात. त्यांच्या लेकरांना ताप आला की त्यांचाही जीव तसाच तुटतो. मग माझी घागर त्यांच्या स्पर्शाने बाटते ती कशी? हा भेद देवाने केला असेल का? विचार करता करता एके दिवशी त्यांच्या मनाने निर्णय दिला की हा भेद देवाचा नाही, माणसाने केलेला आहे. आणि मनाने घेतले त्याबरोबर त्यांनी तो सोडला. ज्या घागरीसाठी इतकी वर्षे जीव टाकला, ती सर्वांना मोकळी केली. कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या क्रमाकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छिते. आधी घागर मोकळी झाली आणि बाप्तिस्मा मागून आला. खाण्यापिण्याइतके साधे कामसुद्धा देवाच्या मानासाठी करावे, अशी आमच्या शास्त्राची शिकवण आहे. लहानपणी मला वाटे की याचा अर्थ जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायची, झाले. लक्ष्मीबाईंचे चरित्र वाचल्यावर मला त्या शिकवणीचा दुसरा अर्थ लागला. माझ्या घरी कोण खाते-पिते, कोणत्या भांड्यातून आणि कोठे बसून, हाही देवाला मान देण्याचाच भाग आहे. वडिलांनी मीठ धुतले तेही देवासाठी, आणि लेकीने घागर उघडी केली तीही देवासाठी. पण पहिल्याने माणसे दूर गेली आणि दुसरीने जवळ आली. कोणती भक्ती खरी, हे ओळखायला याहून सोपी खूण मला माहीत नाही.

आपल्या मराठी मुलखात हे नवे नाही. जनाबाईने दळण-कांडणात देव पाहिला, सावतोबांनी मळ्यात, गोरोबांनी चिखल तुडवताना. टिळक स्वतः मानीत की तुकोबांचे बोट धरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो. म्हणून हिंदू भगिनींनी हे चरित्र परके समजू नये.

पुढचा संसार काही सुखाचा झाला असे नाही. टिळकांची उधळपट्टी तीच आणि लहरही तीच. १८९९-१९०० सालच्या मोठ्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला आणि पोरक्या मुलांना घर राहिले नाही. टिळकांच्या घरात परकी मुले येत आणि घरची होऊन राहत. मुलांना आणणे टिळकांचे, आणि त्यांना न्हाऊमाखू घालणे, त्यांचे तेलपाणी, दुखणेखुपणे सारे लक्ष्मीबाईंचे. तिजोरीत काही नसताना पंगत वाढवायची ही विद्या त्यांना चांगली साधली होती. त्या भांडतही. नवऱ्याला स्पष्ट बोलत. देवाचे काम म्हणून गप्प सोसायचे, असला मुळूमुळूपणा त्यांच्यात नव्हता.

नगरला प्लेग आला आणि मिशनच्या शाळेतल्या मुली आजारी पडल्या. प्लेगच्या रोग्याजवळ सख्खा माणूस जायला भीत असे. लक्ष्मीबाई त्या मुलींच्या शुश्रूषेला गेल्या. मीठ धुणाऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईने परक्या जातींच्या पोरींची ओकारी काढली, गाठींना शेक दिला, एवढ्यात काय ते समजावे. हे काम करायला त्यांना कोणी पदवी दिली नव्हती. स्वयंपाकघरात जे हात तयार झाले, तेच येथे उपयोगी पडले.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले होते. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाच्या कवितेने सर्वांना वेड लावले आणि त्याला बालकवी हे नाव मिळाले. टिळकांनी त्याला आपल्या घरी बोलावले. बालकवी नगरला टिळकांकडे येऊन राहिले आणि लक्ष्मीबाई त्यांची आई झाल्या. बालकवींच्या फुलांच्या, झऱ्यांच्या कविता आपण शाळेत म्हटल्या, पण त्या मुलाचे रुसवे काढणारी, त्याला वेळेवर जेवू घालणारी बाई आपल्याला कोणी शिकवली नाही. १९१८ साली भादलीच्या स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले.

टिळक १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. मिशनचा पगार होता, राहायला जागा होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. परदेशी मिशनच्या पगारावर आपल्या देशात ख्रिस्ताचे नाव सांगणे त्यांच्या मनाला पटेना. हिंदी लोकांनी हिंदी रीतीने, बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही एकत्र येऊन देवाची सेवा करावी, म्हणून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. साताऱ्याला बिऱ्हाड केले. पुरुषाने तत्त्वासाठी नोकरी सोडली की त्याचे चरित्रकार त्याला त्यागी म्हणतात. पण पहिल्या तारखेला पगार आला नाही म्हणजे दुकानदाराच्या दारात कोण उभे राहते, ते आपल्याला ठाऊक आहे. हा निर्णय टिळकांचा होता, पण निभावला लक्ष्मीबाईंनी. वयाची पन्नाशी आली असताना त्यांनी पुन्हा रिकाम्या डब्यांपासून संसार मांडला.

तोही फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

माहेर कधीच सुटले होते, आता नवरा गेला. लक्ष्मीबाई हात जोडून बसल्या नाहीत. काही काळ त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली. मुलगा देवदत्त कराचीला नोकरीला होता, तेव्हा त्या कराचीलाही राहिल्या. मराठी मुलखाबाहेर, वयाने थकलेल्या, जन्मात शाळा न पाहिलेल्या या बाईने तेव्हा लेखणी हाती घेतली. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र लिहायला घेतले होते. सुरुवातीचे अध्याय झाले आणि ते गेले. तो ग्रंथ अर्धा राहू नये म्हणून लक्ष्मीबाई अध्यायामागून अध्याय लिहीत गेल्या. त्या ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे.

देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यांनी आईला म्हटले की तुला आठवते ते लिहून दे. आई लिहू लागली, बोलते तशी. मोठे शब्द तिला येत नव्हते, म्हणून ते आले नाहीत. कोणावर राग नव्हता, म्हणून तोही आला नाही. अशा रीतीने 'स्मृतिचित्रे' तयार झाली. त्या काळी बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. लक्ष्मीबाईंनी सरळ टिळक असे लिहिले. त्यांच्या लहरींना त्या हसल्या, स्वतःलाही हसल्या. एवढे दुःख असलेले पुस्तक वाचताना माणूस पोट धरून हसतो. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत निघाले. चौथा भाग मुलाला पुरा करावा लागला, कारण २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या.

आज 'स्मृतिचित्रे' मराठीतल्या उत्तमोत्तम आत्मचरित्रांत गणली जातात. इंग्रजीत त्यांचे भाषांतर १९५० साली झाले, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी पुन्हा नवे केले. विजयाबाई मेहतांनी त्यावर चित्रपट केला. त्यात सुहास जोशींनी लक्ष्मीबाईंची भूमिका केली. आपल्यापैकी काही जणींनी तो दूरदर्शनवर पाहिला असेल.

चरित्र येथे संपले. पण शेजारच्या भगिनींचा प्रश्न मी उसना घेतला आहे, तो परत केला पाहिजे.

आम्ही सहा दिवस देवासाठी काय करतो? लक्ष्मीबाईंकडे पाहून मी सांगेन की आमचा देव्हारा स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि दाराच्या उंबऱ्यात आहे. सकाळी नळ येतो तेव्हा पाणी भरताना, डबे करताना, दार वाजले की उघडताना देवाला मान दिला जातो किंवा नाकारला जातो. आणि हे ख्रिस्ती झाले की आपोआप साधते असेही नाही. आमच्या समाजातही सोयरीक जुळवताना पूर्वीची जात कोणती, हे हळूच विचारतात. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडले तरी घागर झाकलेलीच राहू शकते. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्याआधी जे केले ते आमच्यातल्या कित्येकांना बाप्तिस्म्यानंतर शंभर वर्षांनीही जमलेले नाही, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

आता आपल्या अंधेरीचे पाहू. सोवळे गेले असे आपण म्हणतो. पण कित्येक घरांत भांडी घासायला येणाऱ्या बाईचा कप वेगळा, खिडकीत उपडा घातलेला असतो. आपल्या ताटांना ती रोज हात लावते; तिच्या हाताने धुतलेल्या कपातून आपण चहा पितो; पण त्याच कपातून तिने प्यायलेले आपल्याला चालत नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी मीठ धुतले त्याला आपण हसतो. त्या मिठात आणि या कपात अंतर किती, याचा हिशेब प्रत्येकीने आपल्या ओट्यापाशी उभे राहून करावा.

आमच्या घरी असा वेगळा कप नाही. यात माझी थोरवी काही नाही. माझ्या सासूबाईंनी तो कधी ठेवलाच नाही, आणि मी त्यांचे पाहून शिकले. पण घरापुरते करून भागत नाही. म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. वर्धापनदिनाला आपण दरवर्षी जेवण करतो. आपला जिना झाडणाऱ्या, कचरा नेणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांना सगळ्यांचे जेवण झाल्यावर डब्यात घालून देतो. यंदा त्यांना आपल्याबरोबर पहिल्या पंगतीला बसवावे. वाढपाचे काम आपण पाळीपाळीने करू. याला वेगळा खर्च नाही, वेगळी देणगी नाही. मला माहीत आहे की काही घरांतून कुरबूर होईल आणि एखाददुसरी भगिनी जेवायला थांबणार नाही. तिच्यावर रागावण्याचे कारण नाही. टिळक बायकोसाठी पाच वर्षे थांबले, आपणही थांबू. पण तिच्यासाठी पंगत मात्र दोन करू नये.

ही विनंती मी कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. लक्ष्मीबाईंनी आपला निर्णय कोणाच्या सांगण्यावरून घेतला नाही, तेव्हा माझ्या सांगण्यावरून कोणी घ्यावा असे मी म्हणणार नाही. प्रत्येकीने आपल्या देवाला साक्ष ठेवून विचार करावा, मग तो देव देव्हाऱ्यात असो, मशिदीत असो, देवळात असो की आमच्यासारखा ओट्यापाशी.

वाचनालयातून 'स्मृतिचित्रे' आणून जरूर वाचा. पुस्तक जाडजूड आहे, पण भाषा आपल्या बोलण्यातली आहे. दुपारची भांडी आवरल्यावर रोज दहा पाने वाचली तरी दोन महिन्यांत होते. माझे तसेच झाले.